ग्रीसमधे आठवडाभर शिडाची बोट : लेफकाडा ते इथाका, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला धरून बोलतेय ते कळेल. ठाण्याची दोन कुटुंबं, सासूबाई धरून सहा मोठी माणसं आणि दोन मुलं (९ आणि १२ वर्षांची), मेचा शेवटचा आठवडा, ग्रीसमधे शिडाची बोट सात दिवस भाड्याने घ्यायची. तुमच्या मिस्टरांनी गेल्या वर्षी थायलंडला कोर्स करून बेअरबोट स्किपरचं, म्हणजे नुसती बोट भाड्याने घेऊन स्वतः कप्तान म्हणून चालवायचं, सर्टिफिकेट घेतलंय, बाकी कुणालाच बोटीतलं काही येत नाही. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना पोहता येत नाही, त्यांना न्यावं की नाही हा शेवटचा प्रश्न. आणि यादी काढलीय ती अशी : कॉर्फू, पॅक्सोस, लेफकाडा, इथाका, झाकिंथोस, जमलं तर सँटोरिनी. रोज एक बेट.

सगळ्यात आधी ती यादी खोडा. बाकीची बेटं ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात, सँटोरिनी मुळात त्या समुद्रातच नाहीये, ते पलीकडे एजियन समुद्रात, मधे अख्खा पेलोपोनीस, म्हणजे ग्रीसचा दक्षिणेकडचा मोठा भूभाग, आडवा पडलेला. आणि कॉर्फूपासून झाकिंथोसपर्यंत एका दिशेनेच शंभराच्या वर समुद्री मैल होतात. समुद्री मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि शिडाची बोट सरासरी ५ नॉटने जाते असं धरा, म्हणजे तासाला जेमतेम ९ किलोमीटर, सायकलवरून दूध घालणारा माणूस आपल्याला सहज मागे टाकेल. शिवाय सात दिवस हे सुद्धा नावालाच. बोट शनिवारी संध्याकाळी ५ च्या सुमारास ताब्यात मिळते, पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बेसवर, म्हणजे जिथून घेतली त्या बंदरात, परत आणायची, त्या रात्री बोटीतच झोपायचं आणि शनिवारी सकाळी ९ ला सामानासकट खाली. हातात सहा दिवस राहतात, त्यातला पहिला शिकण्यात आणि शेवटचा परतण्यात जातो.

मी गेली चौदा वर्षं जवळजवळ दरवर्षी एकदा ह्या भागात बोट घेऊन जाते, आधी दुसऱ्यांच्या बोटीवर मदतनीस म्हणून आणि मग स्वतः स्किपर म्हणून. माझं माहेर मुरूडचं, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या लहानपणापासून बघितलेल्या, मुंबईत हार्बरमधे छोट्या बोटीवर शिकले. तरी भूमध्य समुद्रात पहिल्यांदा गेले तेव्हा जे मला येत होतं त्यातलं निम्मं तिथे उपयोगाचं नव्हतं आणि जे लागत होतं ते येत नव्हतं. तेच तुम्हाला सांगायचंय.

जागा माझ्या मते एकच : लेफकाडाच्या दक्षिणेचा आयोनियन समुद्र. मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका आणि केफालोनियाचं उत्तर टोक. एकमेकांच्या नजरेतली बेटं आहेत ही, एका बेटावरून सुटताना पुढचं समोर दिसत असतं. एजियनमधे उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस धरून राहतो, जुलै-ऑगस्टमधे तर चांगल्या अनुभवी लोकांनाही दोन-तीन दिवस बंदरात बसवून ठेवतो. आयोनियनमधे त्याच्या जागी मायस्त्रो असतो, वायव्येकडून येणारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, त्यातल्या खाऱ्या वाऱ्यासारखंच ह्याचं वागणं. सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट, जमीन तापायला लागली की बाराच्या सुमाराला पाण्यावर गडद सुरकुत्या दिसतात, चार-पाचला भर येतो, आणि सूर्य बुडाला की कुणीतरी पंखा बंद करावा तसा थांबतो. भर उन्हाळ्यात हे अगदी ठरलेलं, मेच्या शेवटी थोडं कमीजास्त, एखादा दिवस वाराच नाही असंही होतं. १२ ते २० नॉट वारा असतो एरवी, कधी कधी २५.

आता ह्यातली खरी गोची नीट समजून घ्या, कारण पूर्ण आठवडा ह्याच्यावर उभा आहे. शीड चालवायला मजा येते ती दुपारी दोन ते पाच. आणि छोट्या बंदरांमधल्या धक्क्यावरच्या जागा भरतात त्या दुपारी एक ते तीन. म्हणजे जेव्हा वारा सगळ्यात छान तेव्हाच बोट बांधायची वेळ, आणि मनसोक्त शीड चालवून पाचला बंदरात शिराल तर जागा नाही, आडवा वारा जोरात, आणि आधीच बांधून गार पेय घेऊन बसलेले तीस लोक तुमच्याकडे बघतायत. नवशिक्या स्किपरचे सगळे अपघात, सगळी नवरा-बायकोची भांडणं, मी पाहिलीत ती ह्या एका तासातली. उघड्या समुद्रात फारसं काही होत नाही.

मी जो उपाय काढलाय तो असा की दिवसांची आधीच दोन प्रकारांत वाटणी करायची. एक बंदराचा दिवस : सकाळी आठला सुटायचं, इंजिनवर नाहीतर हलक्या वाऱ्यात जायचं, वाटेत एखाद्या खाडीत पोहायचं, आणि साडेबारा-एकला धक्क्याला बांधून मोकळं व्हायचं. दुसरा शिडाचा दिवस : सकाळ निवांत, दुपारी पूर्ण वाऱ्यात शीड, आणि रात्री मुक्काम बंदरात नाही तर ऐसपैस खाडीत नांगरावर, जिथे जागेची मारामारी नाही. हे दोन प्रकार एकाच दिवसात कोंबायला गेलं की बिघडतं. मेमधे गर्दी कमी असते, थोडी सवलत मिळेल, पण फ्लोटिला असते, म्हणजे दहा-बारा बोटींचा ताफा एकाच वेळी एकाच धक्क्यावर येतो, आणि तो कुठे जाणार ते तुम्हाला माहीत नसतं.

धक्क्याला बांधणं म्हणजे काय ते सांगते कारण थायलंडच्या कोर्समधे बहुतेक मुरिंग बॉय (बोट बांधायला पाण्यात ठेवलेला तरंगता गोळा) नाहीतर आडवी जेटी शिकवतात, हे शिकवत नाहीत. भूमध्यात बोट आडवी लावत नाहीत, पाठ धक्क्याला लावतात. बंदरात आधी एक फेरी मारून जागा बघायची, खोली बघायची, शेजारच्या बोटींच्या साखळ्या कुठल्या दिशेने गेल्यात ते बघायचं. मग धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीइतकं बाहेर, आपल्या जागेच्या बरोब्बर समोर जाऊन नांगर सोडायचा आणि साखळी सोडत सोडत रिव्हर्समधे मागे यायचं. धक्क्याला पोचेपर्यंत ४०-५० मीटर साखळी पाण्यात गेलेली असावी. मागून दोन दोर धक्क्यावर, ज्या बाजूने वारा येतोय तिकडचा पहिला, मग इंजिन पुढे टाकून साखळी थोडी ओढून ताणून घ्यायची, नांगर धरतोय का बघायचं.

ऐकायला सोपं आहे, होत नाही ते दोन कारणांनी. एक म्हणजे लोक घाबरून फार हळू मागे येतात. सुकाणूवरून पाणी वाहिल्याशिवाय सुकाणू काम करत नाही, आणि रिव्हर्सच्या सुरुवातीला इंजिनच्या पाण्याखालच्या पंख्यामुळे बोटीची पाठ एका बाजूला, बहुतेक बोटींची डावीकडे, सरकते. त्यामुळे लांबूनच रिव्हर्स चालू करायचं, वेग धरू द्यायचा, दीड-दोन नॉट, मग बोट गाडीसारखी ऐकते. दुसरं कारण साखळी. पुढे नांगरापाशी उभा असलेला माणूस साखळी हळू सोडतो, बोट अडकते, पुढचं टोक ओढलं जातं आणि बोट वाऱ्यावर आडवी होते. विंडलासचं, म्हणजे साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राचं, बटण दाबून साखळी किती वेगाने जाते ते आधी मोजून ठेवा आणि मागे येण्याचा वेग त्याला जुळवा. नांगराचं काम तुमच्यातल्या सगळ्यात शांत माणसाला द्या, ताकदीच्या नाही, ताकद तिथे लागतच नाही. आणि ओरडायचं नाही, हाताच्या खुणा ठरवा : तळहात खाली म्हणजे सोड, मूठ म्हणजे थांब, अंगठा वर म्हणजे घे. पहिल्या रविवारी सकाळी मोकळ्या पाण्यात हे सहा वेळा करा, प्रत्येकाला एकदा सगळ्या जागांवर उभं करा, मुलांनासुद्धा. हे सहा वेळा केलेलं पुढचे पाच दिवस पुरतं.

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा सोपी आहे. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, दोर बांधताना तो हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. तिथे भरती-ओहोटी वीतभर. रात्री बांधलेला दोर सकाळी तसाच.

किओनीचा माझा अनुभव सांगते. इथाकाच्या ईशान्य बाजूला आहे हे गाव, खाडीच्या तोंडाशी तीन जुन्या पवनचक्क्या, आत अर्धवर्तुळात घरं, बंदर अगदी लहान. मी स्किपर म्हणून दुसऱ्याच वर्षी होते, कास्तोसहून येताना वारा इतका सुंदर मिळाला की शीड उतरवायचं मनच होईना, सव्वापाचला आत शिरले. धक्का गच्च. एका कोपऱ्यात जागा आहे असं वाटलं म्हणून नांगर टाकला, डोंगरावरून झोत आला, बोट आडवी गेली, आणि माझा नांगर दुसऱ्या दोन बोटींच्या साखळ्यांवर बसला. तो सोडवायला पाऊण तास लागला, अंधार पडत आला, सोबतची मंडळी गप्प झालेली. शेवटी बाहेर खाडीच्या काठाशी नांगर टाकून मागून लांब दोर खडकाला बांधला आणि तिथे रात्र काढली, ती रात्र खरं तर छान गेली. सुरुवातीलाच तिकडे गेले असते तर बाकीचं काही घडलं नसतं. तेव्हापासून ‘जागा नाही मिळाली तर कुठे’ ह्याचं उत्तर सकाळी सुटायच्या आधी नकाशावर लिहिलेलं असतं, आणि ते ठिकाण तासाभराच्या आत गाठता येईल असं असतं.

अडकलेला नांगर सोडवायची पद्धत पण लिहून ठेवा. विंडलासने आपला नांगर दुसऱ्याच्या साखळीसकट वर घ्यायचा, त्या साखळीच्या खालून एक दोर ओवायचा आणि दोन्ही टोकं आपल्या बोटीला घट्ट बांधायची, मग आपला नांगर थोडा खाली सोडायचा, वजन दोरावर जातं आणि नांगर मोकळा होतो. तो वर घेतला की दोराचं एक टोक सोडून द्यायचं. हात कधीही साखळीखाली घालायचा नाही, बोटं तुटतात.

आता मार्ग. अथेन्सहून देशांतर्गत विमान मिळालं किंवा युरोपातून थेट मिळालं तर अ‍ॅक्टियोला, म्हणजे प्रेवेझा विमानतळावर, तिथून टॅक्सीने अर्ध्या तासात लेफकाडा गाव. नाहीतर अथेन्सहून बस, पाच-साडेपाच तास. (त्या विमानतळाच्या बाजूच्या पाण्यातच इ.स.पू. ३१ मधे ऑक्टेव्हियनने अँटनी आणि क्लिओपात्राच्या आरमाराला हरवलं, उतरताना खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं.) लेफकाडा गावात जुन्या घरांचे वरचे मजले लाकडाचे आणि बाहेरून रंगवलेले पत्रे मारलेले दिसतील. भूकंपामुळे वरचं बांधकाम हलकं ठेवलेलं, पण मला दरवेळी आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतीला पत्रे मारलेल्या घरांची आठवण होते.

रविवारी मरीनातून दक्षिणेला कालव्यातून बाहेर पडायचं, दोन्ही बाजूंच्या खुणांच्या मधूनच जायचं, बाहेर चिखल आहे. मग डावीकडे मोकळं पाणी आहे तिथे नांगराचा सराव. वाटेत स्कोर्पियोस दिसेल, ग्रीक जहाजमालक ओनासिसने १९६३ मधे घेतलेलं बेट, जॅकी केनेडीशी त्याचं लग्न १९६८ मधे तिथेच झालं. खाजगी आहे, लांबून बघायचं. पहिला मुक्काम मेगानिसीचं स्पार्तोखोरी, साधारण ११ मैल. तिथे खानावळीच्या धक्क्याला पाण्यात आधीच टाकलेले मुरिंगचे दोर आहेत, नांगर टाकावा लागत नाही, माणूस येऊन दोर हातात देतो, पैसे घेत नाहीत पण रात्रीचं जेवण तिथेच घ्यायचं हा शिरस्ता. पहिल्या रात्रीला ह्यापेक्षा चांगली जागा नाही. गाव वर टेकडीवर, संध्याकाळी चढून जा, मुख्य भूमीपर्यंतची सगळी बेटं पायाखाली पसरलेली दिसतात.

सोमवारी मेगानिसीच्याच उत्तर बाजूच्या खाड्यांमधे, आबेलिकेला वगैरे, थांबत पोहत दुपारी वारा आला की पूर्वेला कालामोस नाहीतर कास्तोस, १०-१२ मैल. कालामोसच्या बंदरात खानावळीचा मालक धक्क्यावर उभं राहून सगळ्यांना कुठे नांगर टाक कुठे ये ते हातवारे करून सांगतो, त्याचं निमूट ऐकायचं. कास्तोसचं बंदर त्याहून छोटं आणि शांत. दोन्हीकडे पाणी इतकं स्वच्छ की सात मीटरवरचा आपला नांगर दिसतो, आणि तो बघायलाच हवा : गोगल लावून उडी मारायची आणि नांगर वाळूत रुतलाय की गवतावर पडलाय ते बघायचं. पोसिडोनिया म्हणतात त्या समुद्री गवताला, त्यात नांगर धरत नाही आणि गवत उपटलं गेलं की पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं जातात. वरून फिकट निळा दिसतो तो वाळूचा पट्टा, तिथेच नांगर टाका.

मंगळवार शिडाचा मोठा दिवस, कास्तोसहून इथाका १२ मैल, मायस्त्रो उजव्या बाजूने येतो, बोट एका अंगावर कलते आणि पळते. शीड अर्ध्या वाऱ्यातच एक रीफ घेऊन, म्हणजे शिडाचा थोडा भाग आवरून, कमी करा, सासूबाई बरोबर आहेत, बोट १५ अंशांपेक्षा जास्त कलली की पहिल्यांदा आलेल्या माणसाला ती उलटतेय असंच वाटतं. उलटत नाही, खाली टनावारी वजनाचा कील आहे, पण हे वाऱ्यात ओरडून सांगून पटत नाही, बंदरातच आदल्या रात्री कागदावर चित्र काढून सांगा. किओनीला एकपर्यंत पोचणार नसाल तर वाथीच्या मोठ्या खाडीत जा, जागा भरपूर आहे, फक्त दुपारी डोंगरावरून झोत उतरतात, साखळी सढळ हाताने सोडा.

इथाकाला दोन रात्री द्या असं माझं आग्रहाचं सांगणं. ट्रॉयच्या युद्धाहून घरी पोचायला दहा वर्षं लागलेल्या ओडिसियसचं हे बेट. पश्चिम बाजूच्या ‘पोलिस’ नावाच्या उपसागराच्या काठी एका गुहेत काशाच्या प्राचीन तिवया सापडल्या आणि मातीच्या मुखवट्याचा एक तुकडा, त्यावर ओडिसियसच्या नावाने केलेला नवस कोरलेला. राजा होता की नव्हता ह्याचे वाद चालू राहतील, पण दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बोटीतून तिथे उतरून त्याला नवस बोललं होतं एवढं तर नक्की. मुलांना ही गोष्ट मी त्याच पाण्यात बोट उभी करून सांगते.

गुरुवारी उत्तरेचं टोक वळून फिस्कार्डो, ८ मैलच. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात केफालोनिया, झाकिंथोस आणि इथाकावरची बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, फिस्कार्डो वाचलं, म्हणून व्हेनिसच्या काळच्या वळणाची जुनी घरं तिथे अजून उभी आहेत. सुंदर आहे आणि म्हणूनच गर्दी, बाराला पोचा. तिथून त्याच दिवशी लेफकाडाच्या दक्षिणेला सिवोटा, ११ मैल. ही खाडी वळणदार, आत शिरल्यावर समुद्र दिसतही नाही, खराब हवेत लपायला उत्तम. शुक्रवारी सिवोटाहून लेफकाडा १५-१६ मैल, हा प्रवास वाऱ्याच्या विरुद्ध आहे म्हणून सकाळी सातला इंजिनवर सुटा, दुपारी डिझेलच्या पंपावर रांग लागते. सगळं मिळून ७०-८० मैल. तुमच्या यादीपुढे कमी वाटेल. मी अनुभवी लोकांबरोबरही आठवड्याला शंभरच्या पुढे क्वचित जाते.

बोटीबद्दल. आठ माणसं म्हणजे चार केबिनची ४४-४५ फुटी बोट, आणि पहिल्यांदा स्वतंत्र स्किपरिंग करणाऱ्या माणसासाठी ही मोठी आहे, मी स्पष्टच सांगते. बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं पुढचं टोक बाजूला ढकलणारी छोटी मोटर, असलेलीच घ्या. कॅटामरान, म्हणजे दोन कवचांची बोट, स्थिर असते, दोन इंजिनांमुळे जागच्या जागी वळते, सासूबाईंना सोयीची, पण भाडं बरंच जास्त आणि सात मीटर रुंद बोट किओनीसारख्या ठिकाणी बसवणं अवघड. माझा सल्ला : एका कवचाची बोट घ्या आणि पहिले दोन-तीन दिवस स्थानिक स्किपर बरोबर घ्या, रोजचे साधारण २०० युरो आणि त्याचं जेवण आपल्याकडे. त्याला बोट चालवायला लावायचं नाही, तुमच्या मिस्टरांच्या बाजूला उभं करायचं. कंपनीला आधीच विचारून ठेवा की तो मधेच कुठे उतरू शकेल. ह्यात कमीपणा काही नाही, कोकणातला तांडेल सुद्धा नव्या बंदरात शिरताना तिथल्या माणसाला विचारतो.

सर्टिफिकेट ग्रीसमधे चालतं का हे बुकिंगच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या, स्कॅन पाठवा, नुसतं फोनवर हो म्हणाले ह्यावर पैसे भरू नका. स्किपरशिवाय आणखी एका व्यक्तीला मला बोटीवर मदत करता येते असं सही करून द्यावं लागतं, ती व्यक्ती कोण ते ठरवा आणि तिने मुंबईत दोन-चार वेळा तरी शीड हाताळून यावं, मेच्या आधीचे महिने आपल्याकडे सेलिंगचा सीझनच आहे. डिपॉझिट काही हजार युरोंचं असतं, त्याचा वेगळा विमा घ्या. बोट ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो, नांगराची साखळी पूर्ण बाहेर काढून मोजणं, दोन्ही टॉयलेट चालवून बघणं, लाईफजॅकेट मुलांच्या मापाची आहेत का बघणं, ह्यात दोन तास घालवा, घाई करणाऱ्याला थांबवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, आणि ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. मेसाठी अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, फेब्रुवारीतच हलवा.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची तिथे आबाळ होत नाही. टोमॅटो सॉसमधले मोठे पांढरे घेवडे म्हणजे यिगांतेस, भाज्यांचं ब्रियाम, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पालकाची स्पानाकोपिता, दुधीसारख्या कोवळ्या झुकिनीची भजी, उकडलेल्या रानभाज्या लिंबू-तेल घालून. लेफकाडाच्या डोंगरातल्या एंग्लुवी गावची मसूर प्रसिद्ध आहे, गावात पाकीट मिळालं तर घ्या आणि बोटीवर लसणाची फोडणी देऊन आमटी करा. घरून थालीपीठाची भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. स्वयंपाक बंदरात नाहीतर सकाळी सपाट पाण्यात उरका, दुपारी कलत्या बोटीत गरम तेल नको.

पाणी जपून. टाकीत ३००-४०० लिटर असतं आणि आठ माणसं ते दोन दिवसात संपवतात. आंघोळ समुद्रात, मग मागच्या शॉवरने अंगावरून मिठाचं पाणी घालवण्यापुरतं गोडं पाणी. टॉयलेटमधे कागद टाकायचा नाही, एकही नाही, मुलांना हे चार वेळा सांगा, तो पाईप उघडून साफ करायची वेळ स्किपरवर येते. बोट लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्यावी, डॉक्टरांना विचारून, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आत केबिनमधे झोपायला जायचं नाही, बाहेर बसून क्षितिजाकडे बघायचं, सगळ्यात गुणकारी म्हणजे त्या माणसाच्या हातात सुकाणू द्यायचं. तुमचा बारा वर्षांचा मुलगा हे काम तासनतास करेल.

मुलांचे दोनच नियम, पण मोडता न येणारे. बोट चालू असताना आणि धक्क्यावर असताना लाईफजॅकेट. आणि इंजिन बंद झालं, चावी काढली, शिडी पाण्यात सोडली, हे तीनही झाल्यावरच उडी. शिडी वर दुमडलेली असताना सगळे पाण्यात उतरले तर बोटीवर परत चढता येत नाही, बाजू दीड मीटर उंच असते. एक मोठं माणूस कायम बोटीवर राहायला हवं.

हवेचा अंदाज रोज सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेगवेगळ्या ठिकाणचा बघा. मेच्या शेवटी कधी दक्षिणेचा वारा येतो, तेव्हा हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवून दक्षिणेकडून झाकलेल्या बंदरात जाऊन बसायचं. सप्टेंबर पण छान असतो पण सप्टेंबर २०२० मधे इयानोस नावाचं वादळ केफालोनिया-इथाकावर आलं, किनाऱ्याला बांधलेल्या कितीतरी बोटी बुडाल्या, म्हणून नुसता महिना बघून निर्धास्त होऊ नका. व्हीएचएफ रेडिओ कायम १६ नंबरच्या चॅनेलवर ठेवा, तटरक्षक दलाचा फोन १०८, सर्वसाधारण मदतीचा ११२, दोन्ही नंबर नकाशाच्या टेबलवर मोठ्या अक्षरात चिकटवा, आणि रेडिओ कसा वापरायचा ते स्किपर सोडून आणखी दोघांना यायला हवं, कारण पाण्यात पडणारा स्किपरच असू शकतो.

आता सासूबाई. न्या. जरूर न्या. माझी आई ७१ वर्षांची असताना माझ्याबरोबर आली होती, तिलाही पोहता येत नव्हतं, मुरूडला आयुष्य गेलं तरी. समुद्रात तिला काही त्रास झाला नाही, बसायची जागा ठरवून दिली होती, कॉकपिटमधे, म्हणजे सुकाणूपाशी उघड्यावर बसतात त्या जागेत, पुढच्या बाजूला, जिथे पाठीला टेकायला मिळतं आणि दोन्ही हातांना धरायला काहीतरी असतं. त्रास झाला तो फळीचा. बोटीच्या पाठीपासून धक्क्यापर्यंत एक अरुंद फळी टाकतात, ती हलते, खाली पाणी दिसतं, आणि तरण्याताठ्या माणसाचेही पाय तिथे थबकतात. पहिल्या संध्याकाळी आई त्या फळीपाशी येऊन परत फिरली आणि मला जेवायचंच नाही म्हणाली.

त्यावर करायचं ते असं. फळी वापरायचीच नाही त्यांच्यासाठी. नांगराची साखळी दोन-तीन मीटर सैल सोडायची, मागचे दोन्ही दोर ओढून बोटीची पाठ धक्क्याला जवळजवळ टेकेल इतकी आणायची, मधे सगळ्यात मोठा फेंडर (बोट घासू नये म्हणून लावतात तो फुगा), एक माणूस धक्क्यावर, एक बोटीवर, आणि त्यांनी रबरी तळव्याची चप्पल घालून एक साधं पाऊल टाकायचं. उचलून न्यायचं नाही, त्याने माणूस जास्त घाबरतो. त्या उतरल्या की साखळी परत ओढून बोट पुढे घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे, विंडलासवरच्या माणसाला तेवढं आधी सांगून ठेवायचं. धक्का पाण्यापासून फार उंच असेल तिथे हे जमत नाही, तेव्हा डिंगीतून, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून, पायऱ्या असलेल्या बाजूला न्यायचं. त्यांना झोपायला मागची केबिन द्या, पुढच्या केबिनमधे रात्रभर साखळीचा आवाज येतो, आणि टॉयलेटपर्यंत हात धरत जाता येईल अशी वाट रात्री मोकळी ठेवा, बॅगा, दोर, मुलांचे गोगल काही पडलेलं नको. तिसऱ्या दिवशी कास्तोसला आईने स्वतःच दोन्ही हात पुढे करून धक्क्यावर पाऊल टाकलं, मागे वळून मला म्हणाली, आता तू दोर बघ.